दुर्मिळता आणि कारागिरी : मार्टिन डी-४५ या गिटारची समीक्षा

प्रस्तावना :

मराठीत संगीताची समीक्षा होते. गायक-वादकांच्या शैलीची, घराण्यांची आणि मैफलींची चर्चा होते. परंतु ज्या वस्तूतून नाद निर्माण होतो ती वस्तू घडविणाऱ्याच्या कामाचे मूल्यमापन क्वचितच केले जाते. वाद्य बिघडले की कारागिराकडे न्यायचे आणि ते पुन्हा बोलू लागले की त्याला धन्यवाद द्यायचे, एवढाच त्याच्याशी संबंध येतो. वाद्य ही स्वतंत्रपणे वाचता येण्याजोगी कलाकृती आहे, तिच्या रचनेत निर्णय असतात, त्या निर्णयांमागे दृष्टी असते आणि त्या दृष्टीत चूकही असू शकते, असा विचार सहसा होत नाही.

पाश्चात्त्य जगात ही उणीव वेगळ्याच मार्गाने भरून निघाली आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकेत जुन्या गिटारींचा संग्रह करण्याची प्रथा वाढली आणि त्यातून एक मोठी बाजारपेठ उभी राहिली. या बाजारपेठेने जुन्या वाद्यांचा बारकाईने अभ्यास केला हे खरे. पण त्याचबरोबर समीक्षेची जागा किमतीने घेतली. जे दुर्मिळ ते महाग आणि जे महाग ते श्रेष्ठ, असे समीकरण रूढ झाले. हे समीकरण तपासण्यासाठी अमेरिकेतील सी. एफ. मार्टिन अँड कंपनीची डी-४५ ही गिटार अत्यंत योग्य उदाहरण ठरते. १९३३ ते १९४२ या काळात या नमुन्याच्या केवळ ९१ गिटारी तयार झाल्या. संग्राहकांच्या जगात त्यांना शिखरस्थानी मानले जाते आणि त्यांची किंमत काही लाख डॉलरांच्या घरात जाते.

दुर्मिळता हा कारागिरीचा गुण मानता येईल काय, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी या गिटारची रचना, तिचे अलंकरण, तिच्या दुर्मिळतेची कारणे आणि तिच्याभोवती निर्माण झालेला मूल्यव्यवहार या चार अंगांचा क्रमाने विचार केला आहे.

१. सुतारांचा वारसा :

मार्टिन कंपनीचे संस्थापक ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन यांचा जन्म १७९६ मध्ये जर्मनीतील सॅक्सनी प्रांतातील मार्कनॉयकिर्शेन या गावी झाला. वाद्यनिर्मितीसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावातून ते व्हिएन्ना येथे गेले आणि योहान गेओर्ग श्टाउफर या नामवंत गिटारनिर्मात्याकडे त्यांनी काम केले. गावी परतल्यावर मात्र त्यांना एका विलक्षण वादाला सामोरे जावे लागले. मार्टिन यांचे घराणे लाकडी सामान बनविणाऱ्या सुतारांच्या व्यवसायसंघाचे सदस्य होते. व्हायोलिन बनविणाऱ्यांचा संघ वेगळा होता आणि गिटार बनविण्याचा अधिकार सुतारांना नाही, असा त्या संघाचा दावा होता. कपाटे आणि मेजे घडविणाऱ्या हातांना वाद्याचे मर्म कळणार नाही, असा या दाव्यामागील भाव होता. हा वाद अनेक वर्षे चालला. शेवटी १८३३ मध्ये मार्टिन यांनी देश सोडला आणि न्यूयॉर्क गाठले. पुढे १८३० च्या दशकाच्या अखेरीस ते पेनसिल्व्हेनियातील नाझरेथ येथे स्थायिक झाले. कंपनीचे कार्य आजही त्याच गावातून चालते.

हा तपशील केवळ चरित्रात्मक नाही. कारागीर आणि कलावंत यांच्यात उच्चनीच ठरविण्याचा जो प्रश्न सॅक्सनीत उपस्थित झाला, तोच प्रश्न शंभर-दीडशे वर्षांनी लिलावगृहात उलट्या रूपाने उभा राहिला. एके काळी ज्या हातांना वाद्य घडविण्याचा अधिकार नाकारला गेला, त्यांच्याच परंपरेतील काम काचेच्या पेटीत ठेवण्याजोगे मानले गेले. पहिल्या वेळी काम न पाहता ते कमी ठरविले गेले; दुसऱ्या वेळी अनेकदा काम न पाहताच ते थोर ठरविले गेले. दोन्ही प्रसंगी प्रत्यक्ष कामाचे परीक्षण बाजूलाच राहिले.

२. आत दडलेले काम :

गिटारचा आवाज मुख्यतः तिच्या वरच्या फळीतून येतो. तंबोऱ्याच्या तबलीचे जे कार्य, तेच गिटारमध्ये या फळीचे. डी-४५ मध्ये ही फळी अमेरिकेच्या ईशान्य भागातील रेड स्प्रूस या वृक्षाच्या लाकडाची आहे. पाठ आणि बाजू ब्राझीलच्या रोझवूडच्या, दांडी महोगनीची आणि पडद्यांची पट्टी व घोडी एबनीची आहे. वरच्या फळीची जाडी जेमतेम ३ मिलिमीटरच्या आसपास असते. पोलादी तारा स्वरात लावल्यावर त्यांचा एकत्रित ताण सुमारे ७० ते ८५ किलोग्रॅम होतो. एका प्रौढ माणसाच्या वजनाइतका हा ताण ३ मिलिमीटर जाडीच्या फळीवर चिकटविलेल्या घोडीला रात्रंदिवस ओढत असतो. फळी जाड केली तर ती टिकते, पण कंप पावत नाही. पातळ केली तर उत्तम कंप पावते, पण कालांतराने घोडीच्या मागे फुगते किंवा फुटते. गिटारनिर्मात्याची खरी परीक्षा या दोन टोकांच्या मध्ये आहे.

या प्रश्नाचे उत्तर फळीच्या आतील बाजूस, बाहेरून न दिसणाऱ्या जागी दडलेले आहे. आतून सरसाने चिकटविलेल्या लाकडी आधारपट्ट्या फळीला बळ देतात. मार्टिन यांच्या कारखान्यात १८४० च्या दशकात या पट्ट्या फुलीच्या आकारात बसविण्याची पद्धत विकसित झाली. त्या वेळी गिटारला आतड्याच्या तारा असत आणि त्यांचा ताण कमी असे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात पोलादी तारांचा प्रसार झाला, तेव्हा याच फुलीने वाढलेला ताण पेलला. एका गरजेसाठी योजलेली रचना ऐंशी वर्षांनी वेगळ्याच गरजेला पुरी पडली, हे कारागिरीच्या इतिहासातील लक्षणीय उदाहरण आहे.

डी-४५ च्या काळात या पट्ट्या केवळ चिकटविल्या जात नसत. पटाशीने त्यांचा काही भाग खोलगट कोरून काढला जाई. त्यामुळे पट्टीची उंची काही ठिकाणी टिकून राही, तर मधल्या भागात कमी होई. जेथे बळ हवे तेथे लाकूड ठेवायचे आणि जेथे कंप हवा तेथे ते काढून टाकायचे, असे हे तंत्र आहे. शिवाय १९३० च्या दशकातील बहुतांश काळ फुलीचा मध्यबिंदू नादरंध्राच्या अगदी जवळ, सुमारे १ इंच अंतरावर ठेवला जात असे. त्यामुळे घोडीभोवतीचा फळीचा मोठा भाग मोकळा राही आणि खर्जाला भरदारपणा येई. दशकाच्या अखेरीस ही फुली काहीशी मागे, घोडीच्या दिशेने सरकविण्यात आली.

यातील निर्णय असा की कारागिराने वाद्य शक्य तितके भक्कम केले नाही. ते कोसळण्याच्या सीमेपासून थोडे अलीकडे आणून थांबविले. लाकूड काढून टाकण्यात जोखीम होती आणि ती पत्करली गेली. हे कंपनीच्या पुढील धोरणावरून स्पष्ट होते. वादक जाड तारा लावू लागले, फळ्या फुगल्याच्या तक्रारी वाढण्याचा धोका दिसू लागला, आणि १९४४ मध्ये पट्ट्या कोरण्याची पद्धत बंद करण्यात आली. त्यानंतरच्या गिटारी अधिक टिकाऊ झाल्या; पण अनेक वादकांच्या मते त्यांचा नाद तितका मोकळा राहिला नाही. याचा अर्थ असा की डी-४५ च्या नादाचे सौंदर्य तिच्या नश्वरतेशी जोडलेले आहे. जे वाद्य कधीच बिघडणार नाही असे बांधले जाते, ते मनमोकळे बोलतही नाही. तंबोऱ्याच्या घोडीची जवारी वाजविण्याने झिजते आणि ती वेळोवेळी पुन्हा काढावी लागते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा विचार परका वाटू नये.

३. दिसणारे काम :

डी-४५ या नावातील 'डी' हे अक्षर ड्रेडनॉट या आकाराचे निदर्शक आहे. १९०६ मध्ये जलावतरण झालेल्या ब्रिटिश युद्धनौकेवरून रुंद कमरेच्या या मोठ्या गिटारला हे नाव मिळाले. मार्टिन कंपनीने हा आकार १९१६ मध्ये ऑलिव्हर डिटसन कंपनीसाठी प्रथम तयार केला आणि १९३१ पासून स्वतःच्या नावाने बाजारात आणला. '४५' हा आकडा अलंकरणाची श्रेणी दर्शवितो. १९०४ मध्ये सुरू झालेली ही कंपनीची सर्वांत अलंकृत श्रेणी होय.

या दोहोंचा संयोग १९३३ मध्ये एका ग्राहकाच्या इच्छेतून झाला. चित्रपट आणि रेडिओवर पुढे 'गाणारा काउबॉय' म्हणून लोकप्रिय झालेले जीन ऑट्री यांनी कंपनीकडे सर्वांत मोठ्या आकाराची आणि सर्वांत अलंकृत गिटार मागितली. त्यांच्यासमोर लोकगायक जिमी रॉजर्स यांचा आदर्श होता. रॉजर्स यांच्या १९२८ च्या मार्टिन गिटारवर त्यांचे नाव शिंपल्यात जडविलेले होते आणि पाठीवर 'थँक्स' हा शब्द रंगविलेला होता. गाणे संपल्यावर गिटार उलटी धरून ते श्रोत्यांचे आभार मानत. ऑट्री यांच्या गिटारच्या पडद्यांच्या पट्टीवरही त्यांचे नाव शिंपल्यात जडविण्यात आले. ही पहिली डी-४५ आज लॉस एंजेलिस येथील, ऑट्री यांच्याच नावाच्या संग्रहालयात आहे.

या श्रेणीच्या अलंकरणाचे परीक्षण करताना दोन भाग वेगळे करावे लागतात. पहिला भाग म्हणजे कडांवरून फिरणारी ॲबलोन शिंपल्याची रेषा. वरची फळी, बाजू आणि पाठ जेथे एकमेकांना मिळतात त्या सांध्यांलगत बारीक खोबण काढून तीत शिंपल्याचे छोटे तुकडे वळणानुसार एकापुढे एक बसविलेले असतात. शिंपला ठिसूळ असतो आणि तो लाकडासारखा वाकत नाही. त्यामुळे प्रत्येक वळणासाठी तुकडा त्या त्या आकारात कापावा लागतो. हे अलंकरण संयत आहे, कारण ते वाद्याच्या बांधणीलाच अधोरेखित करते. फळी कोठे संपते आणि बाजू कोठे सुरू होते ते ही रेषा सांगते. येथे अलंकार रचनेच्या मागे मागे चालतो.

दुसरा भाग म्हणजे पट्टीवर जडविलेले नाव. जडावाचे कौशल्य येथेही उच्च दर्जाचे आहे. पण हेतू बदललेला आहे. वादन सुरू झाले की वादकाचा डावा हात या अक्षरांवर फिरत राहतो आणि ती झाकली जातात. नाव पूर्णपणे वाचता येते ते वाद्य थांबलेले असताना, म्हणजे छायाचित्रात किंवा मंचावर ते मिरविताना. हे अलंकरण वाद्याला उद्देशून नसून प्रसिद्धीला उद्देशून आहे. वस्तूपेक्षा नाव मोठे होण्याची जी प्रक्रिया पुढे लिलावात दिसते, तिची चाहूल पहिल्याच डी-४५ मध्ये लागते.

याहून महत्त्वाचा मुद्दा असा की, समकालीन डी-२८ या गिटारची मूलभूत रचना डी-४५ सारखीच होती. तोच आकार, वरची फळी स्प्रूसचीच, पाठ व बाजू रोझवूडच्याच आणि कोरलेल्या आधारपट्ट्याही तशाच. ठळक फरक होता तो अलंकरणाचा. डी-२८ च्या कडेला शिंपल्याऐवजी माशाच्या काट्यासारखी नक्षी असलेली लाकडी पट्टी असे. १९६० च्या दशकात माइक लाँगवर्थ हे जडावकार साध्या मार्टिन गिटारींना शिंपल्याचे जडावकाम करून डी-४५ चे रूप देत असत. पुढे १९६८ मध्ये कंपनीने डी-४५ चे उत्पादन पुन्हा सुरू केले, तेव्हा त्यांनाच या कामासाठी नेमण्यात आले. साध्या गिटारला बाहेरून डी-४५ करता येते, हे तथ्य समीक्षेच्या दृष्टीने निर्णायक आहे. नाद देणारे काम दोन्हींत समान आहे; तरीही युद्धपूर्व डी-४५ आणि त्याच काळातील डी-२८ यांच्या किमतीत कित्येक पटींचे अंतर आहे. हे अंतर नादाचे नसून शिंपल्याचे आणि संख्येचे आहे.

४. दुर्मिळतेची कारणे :

युद्धपूर्व डी-४५ दुर्मिळ आहे, कारण ती ९१ एवढ्याच संख्येने तयार झाली. मग ती इतकी कमी का तयार झाली? याचे उत्तर कारागिराच्या हेतूत सापडत नाही, ते काळाच्या परिस्थितीत सापडते. १९२९ नंतरच्या महामंदीत अमेरिकेतील सर्वसामान्य माणसाची क्रयशक्ती खचली होती. अशा काळात कंपनीच्या सर्वांत महाग गिटारला ग्राहक थोडेच मिळणार होते. त्यानंतर दुसरे महायुद्ध आले, साहित्याची आणि मनुष्यबळाची टंचाई निर्माण झाली आणि १९४२ मध्ये डी-४५ चे उत्पादन थांबले. कंपनीचे तत्कालीन प्रमुख फ्रँक हेन्री मार्टिन यांच्या काळात हा निर्णय झाला तो व्यवहाराच्या गरजेतून. संग्राहकांसाठी दुर्मिळ वस्तू निर्माण करण्याचा विचार त्यामागे असण्याचे कारणच नव्हते.

येथे एक आक्षेप संभवतो. जडावकामाला लागणारा वेळ आणि श्रम यांमुळेच गिटार महाग झाली, महाग झाल्यामुळे तिला मागणी कमी राहिली आणि मागणी कमी म्हणून ती दुर्मिळ झाली. म्हणजे दुर्मिळतेच्या मुळाशी शेवटी कारागिरीच आहे, असे म्हणता येईल. या आक्षेपात तथ्य आहे. मात्र त्यातून एवढेच सिद्ध होते की कारागिरी हे दुर्मिळतेचे एक कारण असू शकते. दुर्मिळता हा कारागिरीचा पुरावा ठरत नाही. न खपलेली सामान्य वस्तूही दुर्मिळ असते. उलट १९६८ नंतर, सुबत्तेच्या काळात, डी-४५ पुन्हा नियमितपणे तयार होऊ लागली. तेव्हा तिच्यावरील जडावकामाचे कौशल्य कमी झाले नव्हते, केवळ तिची संख्या वाढली होती.

अलीकडच्या दशकांत अनेक गिटार कंपन्या ठरावीक संख्येच्या विशेष आवृत्त्या काढतात. त्यांची दुर्मिळता आधीच ठरविलेली असते. इतिहासाने जे योगायोगाने घडविले ते येथे योजनापूर्वक घडविले जाते. अशा आवृत्त्यांतील काम अनेकदा उत्तम असते. परंतु वाद्य वाजण्याआधीच त्याचा अनुक्रमांक वाचला जातो, हेही तितकेच खरे आहे.

५. किंमत आणि मूल्य :

जुन्या गिटारची किंमत ठरविताना बाजारपेठ प्रामुख्याने तीन निकष लावते. पहिला निकष संख्येचा, दुसरा मूळ स्थितीचा आणि तिसरा पूर्वीच्या मालकाच्या नावाचा. या तिन्ही निकषांत नादाला थेट स्थान नाही, ही बाब विचारात घेण्यासारखी आहे.

तिसऱ्या निकषाचे सर्वांत ठळक उदाहरण जून २०२० मधील आहे. गायक कर्ट कोबेन यांनी नोव्हेंबर १९९३ मध्ये न्यूयॉर्क येथील एमटीव्ही अनप्लग्ड या कार्यक्रमात वाजविलेली मार्टिन डी-१८ई ही १९५९ ची गिटार लिलावात ६० लाख १० हजार डॉलरना विकली गेली. त्या वेळेपर्यंत लिलावात विकल्या गेलेल्या कोणत्याही गिटारची ही सर्वाधिक किंमत होती. आता या गिटारकडे कारागिरीच्या दृष्टीने पाहिले तर काय दिसते? डी-१८ई हा कंपनीचा फसलेला प्रयोग होता. विद्युत ध्वनिवर्धनासाठी तिच्या वरच्या फळीवर चुंबकीय पिकअप आणि नियंत्रणाच्या कळा बसविण्यात आल्या होत्या. जी फळी मोकळी राहावी म्हणून आधीच्या पिढीने आधारपट्ट्या कोरल्या, त्याच फळीला छिद्रे पाडून तिच्यावर वजन लादले गेले. हा नमुना जेमतेम दोन वर्षे टिकला. म्हणजे ज्या वाद्यात मार्टिन परंपरेच्या मूळ तत्त्वाचा भंग झाला होता, त्यालाच त्या परंपरेतील सर्वाधिक किंमत मिळाली.

यात खरेदीदाराची चूक झाली असे म्हणण्याचे कारण नाही. त्याने स्मृती विकत घेतली आणि स्मृतीला मोल असते. एरिक क्लॅप्टन यांनी १९९२ मध्ये अशाच कार्यक्रमात वाजविलेली मार्टिन ०००-४२ ही १९३९ ची गिटार २००४ मध्ये ७,९१,५०० डॉलरना विकली गेली. या वाद्यात स्मृती आणि उत्तम कारागिरी दोन्ही एकत्र होत्या. तरीही किंमत मुख्यतः स्मृतीला मिळाली, असेच दोन्ही लिलाव एकत्र पाहता म्हणावे लागते. समीक्षकाचे काम या दोन मूल्यांची गल्लत होऊ न देणे हे आहे. स्मारक म्हणून एखादी वस्तू थोर असू शकते आणि वाद्य म्हणून सामान्य असू शकते.

दुसरा निकष, म्हणजे मूळ स्थिती, हा अधिक सूक्ष्म आहे. जुन्या गिटारला नवे रोगण दिले, एखादा भाग बदलला किंवा रचनेत फेरफार केला, तर तिच्या किमतीत मोठी घट होते. या नियमाला छेद देणारे उदाहरण १९३५ च्या एका डी-२८ गिटारचे आहे. ती पूर्वी क्लॅरेन्स व्हाइट यांच्याकडे होती. १९७३ मध्ये त्यांचे अपघाती निधन झाले आणि १९७५ मध्ये ती टोनी राइस यांच्याकडे आली. या गिटारचे नादरंध्र मूळ आकारापेक्षा मोठे केलेले होते. मूळ स्थितीच्या निकषावर हा सरळ सरळ दोष ठरतो. प्रत्यक्षात २०२० मध्ये निधन झालेल्या राइस यांनी ब्लूग्रास संगीतात जी नादप्रतिमा निर्माण केली, तिच्याशी हे मोठे नादरंध्र एकरूप झाले. पुढे अनेक निर्मात्यांनी मोठ्या नादरंध्राच्या गिटारी मुद्दाम घडविल्या. एका वाद्यातील दोष दुसऱ्या वाद्यांचा आदर्श झाला. बाजारपेठेच्या निकषाला हे आधी कळणे शक्य नव्हते. ते कानाला कळले.

६. वाजणारे वाद्य आणि जपलेली वस्तू :

संग्रहवृत्तीवर टीका करताना तिचे ऋणही मान्य केले पाहिजे. जुन्या गिटारींना किंमत आली नसती तर त्यांतील कित्येक माळ्यावर पडून नष्ट झाल्या असत्या. वादकांनी आणि संग्राहकांनी युद्धपूर्व गिटारींचा आग्रह धरला, त्यांच्या आत डोकावून कोरलेल्या पट्ट्यांचे महत्त्व ओळखले. त्याचा परिणाम म्हणून १९७६ मध्ये मार्टिन कंपनीने एचडी-२८ या नमुन्यात ती पद्धत पुन्हा सुरू केली. बत्तीस वर्षे बाजूला पडलेले एक तंत्र परत आले. जपलेली वस्तू येथे पाठ्यपुस्तक झाली आणि हा संग्रहाचा सर्वोत्तम उपयोग आहे.

परंतु जपणुकीलाही मर्यादा आहेत. २०१५ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'द हेटफुल एट' या चित्रपटासाठी मार्टिन कंपनीच्या संग्रहालयाने १८७० च्या दशकातील एक गिटार दिली होती. एका दृश्यात ती फोडायची होती. त्यासाठी वेगळी प्रतिकृती तयार होती. पण अदलाबदल वेळेवर झाली नाही आणि अभिनेते कर्ट रसेल यांनी नकळत मूळ गिटारच फोडली. त्यानंतर संग्रहालयाने चित्रपटांना गिटार देणे बंद केले. हा निर्णय समजण्यासारखा आहे. मात्र या घटनेतून निघणारा प्रश्न अधिक मोठा आहे. वाद्य बाहेर काढले तर ते तुटू शकते. बाहेर काढलेच नाही तर ते सुरक्षित राहते, पण त्याचे वाद्यपण हळूहळू संपते. तारा उतरविलेली गिटार ही लाकडाची सुंदर पेटी असते.

या पेचावर नील यंग यांनी आपल्यापुरते उत्तर शोधले. गायक हँक विल्यम्स यांची १९४१ ची डी-२८ त्यांच्या संग्रही आली, तेव्हा त्यांनी ती पेटीत न ठेवता मंचावर वाजविली. २००६ च्या 'हार्ट ऑफ गोल्ड' या चित्रपटात ती वाजताना दिसते. प्रत्येक वादनाबरोबर वाद्य थोडे झिजते हे खरे. परंतु आधारपट्ट्या कोरणाऱ्या कारागिराने हे गृहीतच धरले होते. त्याने झिजणारी वस्तू जाणीवपूर्वक घडविली होती. तिला न झिजू देणे म्हणजे त्याच्या निर्णयाकडे पाठ फिरविणे होय.

७. शिसवाचा धागा :

हा विषय भारतापासून दूरचा वाटला तरी त्याचा एक धागा थेट सह्याद्रीच्या परिसराशी जुळतो. ब्राझीलने रोझवूडच्या ओंडक्यांच्या निर्यातीवर निर्बंध घातल्यानंतर मार्टिन कंपनीने १९६९ मध्ये आपल्या नियमित रोझवूड गिटारींसाठी भारतीय रोझवूड वापरण्यास सुरुवात केली. पश्चिम घाटात आढळणारे आणि मराठी माणसाला शिसव म्हणून परिचित असलेले हेच लाकूड. जुन्या वाड्यांतील शिसवी पलंग, देव्हारे आणि झोपाळे ज्या लाकडाचे, त्याच लाकडाची पाठ १९६९ नंतरच्या बहुतेक डी-४५ गिटारींना लाभली. सुतारांच्या संघातून बाहेर पडून अमेरिकेला गेलेली परंपरा अशा रीतीने पुन्हा घरगुती सामानाच्या लाकडापाशी आली.

संग्राहक ब्राझीलच्या रोझवूडला आजही वरचे स्थान देतात. १९९२ मध्ये त्या वृक्षाला धोक्यातील प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक कराराच्या सर्वांत कडक सूचीत स्थान मिळाले. त्यामुळे त्याच्या दुर्मिळतेत भर पडली आणि किमतीतही. २०१७ मध्ये शिसवासह त्या वंशातील इतर सर्व वृक्षांच्या व्यापारावर नियंत्रण आले. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट देण्यात आली. येथे दुर्मिळतेचा वेगळाच अर्थ समोर येतो. गिटार दुर्मिळ असणे संग्राहकाला सुखावते. वृक्ष दुर्मिळ होणे मात्र केवळ हानी आहे. बाजारपेठ या दोन्ही दुर्मिळतांना एकाच मापाने मोजते, आणि या मापाचा अपुरेपणा इतका स्पष्टपणे अन्यत्र दिसत नाही.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. युद्धपूर्व डी-४५ श्रेष्ठ आहे. पण तिचे श्रेष्ठत्व ९१ या संख्येत नाही. ते प्रामुख्याने कोरलेल्या आधारपट्ट्यांत आहे आणि ते समकालीन डी-२८ मध्येही आढळते.

२. तिच्या अलंकरणातील कडेची शिंपल्याची रेषा रचनेशी सुसंगत असून ती उच्च दर्जाच्या कौशल्याची साक्ष देते. पट्टीवर जडविलेले नाव मात्र वाद्यापेक्षा प्रसिद्धीची गरज भागविते.

३. तिची दुर्मिळता महामंदी आणि महायुद्ध यांतून निर्माण झाली. तिला कारागिरीचा गुण मानणे म्हणजे परिस्थितीचे श्रेय कारागिराला देणे आणि त्याच्या खऱ्या श्रेयाकडे दुर्लक्ष करणे होय.

४. लिलावातील किंमत स्मृतीचे मोल सांगते. कारागिरीचे मोल सांगण्यास ती असमर्थ आहे, हे डी-१८ई च्या उदाहरणावरून दिसून येते.

५. संग्रहामुळे तंत्राचे ज्ञान टिकते, तर वादनामुळे वाद्य टिकते. या दोहोंत निवड करण्याची वेळ आल्यास कारागिराचा हेतू वादनाच्या बाजूने उभा राहतो.

नाझरेथच्या कारखान्यात आधारपट्टी कोरणाऱ्या कामगारांची नावे या गिटारींवर लिहिलेली नाहीत. पट्टीवर नाव आले ते ग्राहकाचे, आणि लिलावाच्या यादीत नाव आले ते वादकाचे. परंतु लाकूड नेमके किती काढायचे आणि कोठे थांबायचे, हा निर्णय त्या अनाम हातांनी घेतला. तो डोळ्यांना दिसत नाही. तार छेडल्यावर ऐकू येतो. वाद्याच्या समीक्षेची सुरुवात तेथूनच व्हावयास हवी.